पंडिता रमाबाई व मुक्तीचे मोल

ज्या वाचकांचे पुणे शहरी जाणेयेणे आहे त्यांस मुठा नदीच्या काठची नारायण पेठ ठाऊक असेलच. लकडी पूल ओलांडून शहरात शिरणाऱ्या मनुष्यास ही पेठ डाव्या हातास लागते. नारायणराव पेशवे यांचे नाव या पेठेस मिळाले. या तरुण पेशव्याचा खून 30 ऑगस्ट 1773 रोजी जवळच्याच शनिवारवाड्यात झाला, व त्या खुनाचा बोल त्यांचे चुलते रघुनाथराव यांजवर आला. त्या वेळी न्यायासनावर रामशास्त्री प्रभुणे होते. या पापास प्रायश्चित्त कोणते, असा प्रश्न निघाला तेव्हा शास्त्रीबोवांनी सत्तेची भीड न धरता देहांत प्रायश्चित्त सांगितले व पुणे सोडून ते चालते झाले. ही गोष्ट महाराष्ट्रात मुलांसही माहीत आहे, आणि न्यायाधीशाच्या निःस्पृहपणाचा दाखला म्हणून ती सांगतात, हे योग्यच आहे.

परंतु या गोष्टीचा दुसरा भाग आहे, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. शास्त्रीबोवांनी प्रायश्चित्त सांगितले खरे, पण ते घेतले कोणी? रघुनाथरावांनी ते घेतले नाही. पुढे दहा वर्षांनी, 1783 साली, ते कोपरगावी वारले. न्याय बोलून दाखविला गेला, पण पापाचे ओझे जेथल्या तेथेच राहिले. धर्मशास्त्र पापाचे मोल सांगू शकते. ते मोल चुकते कोणी करावयाचे, हा प्रश्न मात्र उरतोच. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात जिचे अर्धे आयुष्य गेले, व उत्तर सापडल्यावर उरलेले अर्धे ते उत्तर जगून दाखविण्यात गेले, अशा एका थोर बाईचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. त्या म्हणजे पंडिता रमाबाई होत.

रमाबाईंच्या विद्येचा उगमही एका अर्थी पेशव्यांच्या पुण्यातच आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मूळचे मंगळूराकडील. विद्यार्थिदशेत ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांजपाशी शिकत होते. हे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या राणीस संस्कृत शिकवावयास वाड्यात जात. स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून तरुण अनंतशास्त्र्यांस मोठे नवल वाटले, आणि आपणही आपल्या पत्नीस असेच शिकवावे, असा निश्चय त्यांनी केला. घरच्यांनी विरोध केला. पुढे उडुपी येथे पंडितांच्या सभेपुढे त्यांस आपल्या कृत्याचे समर्थन करावे लागले. तरी त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविलेच. सह्याद्रीच्या रानात गंगामूळ नावाच्या स्थळी आश्रम बांधून हे जोडपे राहिले, व तेथे 23 एप्रिल 1858 रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

यात्रेकरूंचे आतिथ्य करता करता शास्त्रीबोवांचे द्रव्य सरले आणि कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. पुराणे वाचावी, लोक देतील त्यावर निर्वाह करावा, एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास जावे, असा क्रम पुष्कळ वर्षे चालला. वाटेत आईने रमेस संस्कृत शिकविले. बारा वर्षांची होण्याच्या सुमारास या मुलीस सहस्रावधी श्लोक मुखोद्गत झाले होते. आमच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे की, या कुटुंबाइतके मनापासून धर्माचरण करणारे लोक विरळा. सर्व नेमनिष्ठ होते. स्नाने, उपवास, जप, प्रदक्षिणा, ब्राह्मणभोजने, दाने यांपैकी काही त्यांनी शिल्लक ठेविले नव्हते. पाप धुतले जावे व देव प्रसन्न व्हावा, एवढाच त्यांचा हेतू होता.

मग मद्रास इलाख्यातील मोठा दुष्काळ आला. अंगावरचे दागिने गेले, भांडीकुंडी गेली, चांगली वस्त्रे गेली. मजुरी करावी तर सवय नाही, भीक मागावी तर लाज वाटे. झाडपाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. वडील वृद्ध व अंध झाले होते. ते प्रथम गेले. मरताना त्यांनी आपली लाडकी धाकटी मुलगी देवाच्या हाती सोपविली. मागोमाग काही महिन्यांच्या अंतराने आई गेली, नंतर थोरली बहीण गेली. उरले रमाबाई व त्यांचे भाऊ श्रीनिवासशास्त्री. हे दोघे अनवाणी, उपाशी, कडाक्याच्या थंडीत नदीकाठच्या वाळूत खड्डा करून अंगावर वाळू ओढून निजत. असे कित्येक शेकडो कोस हिंडत ते उत्तरेस काश्मिरापर्यंत गेले व शेवटी 1878 साली कलकत्त्यास पोहोचले.

कलकत्त्यातील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली व तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. सर्वत्र जयजयकार झाला. परंतु तेथेच धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचताना रमाबाईंच्या मनास मोठा धक्का बसला. पुष्कळ गोष्टींविषयी ग्रंथाग्रंथांत मतभेद त्यांस दिसला. पण स्त्रीची जात स्वभावतःच अपवित्र आहे आणि पुरुषाप्रमाणे तिला मोक्षाचा सरळ मार्ग नाही, याविषयी मात्र बहुतेकांचे एकमत आहे, असे त्यांस आढळले. पुढे आपल्या आत्मवृत्तात त्यांनी ही गोष्ट स्पष्ट लिहून ठेविली आहे. ज्या मुलीने आईबापांसह सारी तीर्थे केली, तिला आता असे कळले की त्या सर्वांचा तिच्या मोक्षाशी फारसा संबंधच नव्हता. तिचे मन रिते झाले.

1880 साली बंधू वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा; लोकांनी बहिष्कार घातला. आसामात सिलचर येथे त्यांचा संसार होता. तेथे घरातल्या पुस्तकांत बाईंस बंगालीतले लूककृत शुभवर्तमान सापडले. एक मिशनरी गृहस्थ येऊन पवित्र शास्त्रातील गोष्टी समजावून सांगत. बाईंस ते आवडे. पतीस मात्र ते रुचले नाही. 1881 साली मनोरमा जन्मली आणि 1882 साली पती पटकीने वारले. चोविसाव्या वर्षी, मांडीवर तान्ही मुलगी घेऊन, रमाबाई विधवा झाल्या.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर आदिकरून सुधारक मंडळींनी त्यांचे स्वागत केले. बाईंनी आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, व शिक्षणाच्या चौकशीसाठी आलेल्या हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर यांची गरज मांडली. याच पुण्यात मिस हरफर्ड नावाच्या बाईंनी त्यांस मराठी नवा करार शिकविला. येथेच नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचीही त्यांस ओळख झाली. हे काशीचे मोठे पंडित. 1848 साली बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले होते. एका शास्त्र्याने दुसऱ्या शास्त्र्यास समजावून सांगावे अशा रीतीने त्यांनी ख्रिस्ती मत बाईंपुढे मांडिले. तरीही बाईंनी घाई केली नाही. त्यांची बुद्धी पटल्याखेरीज मान तुकविणारी नव्हती.

1883 साली वैद्यकी शिकावी या हेतूने त्या विलायतेस गेल्या व वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या. कानाच्या विकाराने वैद्यकीचा बेत सोडावा लागला. परंतु तेथे एक निराळीच गोष्ट घडली. त्या भगिनींनी बाईंस लंडनच्या फुलहॅम भागातील आपले एक गृह दाखविले. वाईट मार्गास लागलेल्या, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांस तेथे मायेने आश्रय देत. त्यांपैकी कित्येकजणी सुधारून आजाऱ्यांची सेवा करीत होत्या. हे पाहून बाई थक्क झाल्या. असे पतित स्त्रियांचे प्रेमाने संगोपन त्यांनी पूर्वी कोठेच पाहिले नव्हते. त्यांनी ज्या शास्त्रांचे अध्ययन केले होते त्यांत अशा स्त्रियांस कठोर दंड सांगितला होता, आणि येथे त्यांचे अश्रू पुसले जात होते. हे असे का, असे विचारिता एका भगिनीने त्यांस योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला. विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या शोमरोनी बाईस प्रभू येशू भेटला, तिचे सारे पाप जाणूनही तो तिच्याशी बोलला, व तिला त्याने जिवंत पाणी देऊ केले, ती ही कथा. रमाबाईंस वाटले, स्त्रीचा व पाप्याचा उद्धार करणारा जर कोणी असेल तर तो हाच. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी व मनोरमेने वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

येथे सामान्य चरित्रकार कथा संपवितो. बाप्तिस्मा झाला, म्हणजे सारे झाले, असे आपणांपैकी पुष्कळांस वाटते. आमच्या मते बाईंच्या चरित्राचा जो भाग आपल्या मंडळ्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा तो येथूनच पुढे आहे.

विलायतेत चेल्टनहॅम येथे शिकून व शिकवून 1886 साली त्या अमेरिकेस गेल्या. आनंदीबाई जोशी यांस वैद्यकीची पदवी मिळाली त्या समारंभास त्या फिलाडेल्फियास हजर होत्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाने व व्याख्यानांनी तेथील लोकांची मने हलली, व विधवांच्या शाळेसाठी साहाय्यक मंडळी उभी राहिली. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. बालविधवा तेथे शिकू लागल्या. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 साली जिच्याशी पुनर्विवाह केला ती गोदूबाई याच सदनाची विद्यार्थिनी होय.

बाहेरून पाहता सर्व ठीक होते. नाव होते, काम होते, ख्रिस्ती धर्मही होता. परंतु बाईंचे अंतःकरण तृप्त नव्हते. बाप्तिस्म्याच्या वेळी व नंतरही ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयी व त्रैक्याविषयी त्यांनी वाँटेजच्या भगिनींशी पत्रांतून कितीतरी वाद केला होता. मतांचा निकाल एकेक करून लागत होता, पण पापाचे ओझे हलके होत नव्हते. 1891 च्या सुमारास विल्यम हॅसलम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांच्या हाती आले. हे गृहस्थ कित्येक वर्षे पाळकपण करीत होते, देवळे बांधीत होते, विधी चालवीत होते. आणि एके दिवशी उपासनेत उपदेश करिता करिता त्यांस उमगले की, ज्या तारणाविषयी आपण बोलतो ते आपल्यालाच मिळालेले नाही. ते वाचताना रमाबाईंस जणू आपलीच छबी आरशात दिसली. आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही. बाप्तिस्मा व मंडळीचे विधी यांवर आपण भिस्त ठेविली, आणि जो पापाबद्दल मेला त्याजकडे आपण पाहिलेच नाही, असे त्यांस कळून आले. बाप्तिस्म्यास तोवर आठ वर्षे होत आली होती.

वाचकहो, यातील मर्म पाहा. बाईंच्या आईबापांनी तीर्थांत स्नाने केली, उपास केले, सर्वस्व दान केले, अशासाठी की आपले पाप आपणच फेडावे. रमाबाईंनी धर्म बदलला, तरी फेडण्याची ती वहिवाट सुटली नव्हती. तीर्थाच्या जागी बाप्तिस्म्याचे पाणी आले, जपाच्या जागी प्रार्थना आल्या, दानाच्या जागी शारदा सदनाचे काम आले. फेडणारी मात्र त्याच राहिल्या. आता त्यांनी आपले हात रिकामे केले. जे मोल आपल्याने चुकणार नाही ते प्रभूने वधस्तंभावर चुकविले, ते एकदाच व सर्वांसाठी चुकविले, आणि पापी मनुष्याने ते विश्वासाने घ्यावयाचे एवढेच उरले आहे, हे त्यांनी धरिले. मग त्यांस शांती मिळाली. या शांतीनंतर त्यांच्या बुद्धीची धार बोथट झाली नाही. उलट तिला आता बैठक मिळाली.

येथे कोणी विचारील, एकाच्या पापासाठी दुसऱ्याने मरावे हे न्यायाचे कसे? देवास क्षमा करावयाची होती तर त्याने नुसती करावी, बळी कशास पाहिजे? हा प्रश्न रास्त आहे व आमच्या खेड्यांतूनही तो विचारिला जातो. त्याचे उत्तर शेतातल्या एका दाखल्याने देता येईल. समजा, शेजाऱ्याचे बैल रात्री सुटून एका शेतकऱ्याच्या उभ्या जोंधळ्यात शिरले व त्यांनी निम्मे रान खाऊन तुडवून टाकिले. सकाळी शेजारी हात जोडून येतो. त्याजपाशी भरपाई देण्यास काही नाही. शेतकरी त्यास क्षमा करितो. आता तो जोंधळा पुन्हा उभा राहिला काय? नाही. नुकसान कोठे नाहीसे झाले नाही. जो क्षमा करितो त्याच्याच घरी त्या वर्षी कणगी अर्धी राहते, त्याचीच मुले चैत्र-वैशाखात कमी खातात. क्षमा मागणाऱ्यास ती फुकट मिळते. देणाऱ्यास ती कधीच फुकट पडत नाही.

देवाची क्षमा याहून निराळी नाही. जुन्या करारातील याजक वर्षानुवर्षे कोकरे व बोकड वेदीवर आणीत, तरी वेदी कधी रिकामी राहिली नाही, कारण जनावराच्या रक्ताने मनुष्याचे अंतःकरण पालटत नाही. त्या सर्व बळींत एक खूण मात्र होती, की पाप ही खेळाची गोष्ट नव्हे, त्यात कोणाचा तरी जीव जातो. ती खूण वधस्तंभापाशी पुरी झाली. आपल्या गावोगावी नवस फेडतात तेव्हा मनुष्य देवापुढे बोकड किंवा कोंबडे आणितो. वधस्तंभाची रीत याच्या उलट आहे. तेथे आणणारा देव आहे, आणि आणिलेला त्याचा पुत्र आहे. रागावलेल्या देवास शांत करण्यासाठी कोणी तिसऱ्याने आपला जीव दिला, असा अर्थ करू नये. ज्याचा अपराध झाला त्यानेच नुकसान आपल्या अंगावर घेतले, असे शुभवर्तमान सांगते. रामशास्त्र्यांच्या न्यायात जे प्रायश्चित्त घ्यावयास कोणी पुढे आला नाही, ते येथे न्यायाधीशाने स्वतः घेतले.

ही गोष्ट कळल्यावर रमाबाईंचे पुण्यातील दिवस सोपे गेले, असे मात्र नाही. बाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत व दार लावीत नसत. काही विद्यार्थिनी आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. शहरात मोठी गडबड उडाली. लोकमान्य टिळकांच्या केसरीने सदनावर कडक टीका केली. (तेच टिळक पुढे 1905 साली नारायण पेठेतील गायकवाड वाडा घेऊन राहिले, व केसरीचे ठाणे तेथे झाले.) 1893 साली रानडे व भांडारकर यांनी सल्लागारपण सोडिले आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्या थोर पुरुषांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. शाळेत धर्माची सक्ती अथवा शिकवण होणार नाही, या भरवशावर त्यांनी साहाय्य केले होते, आणि लोकांच्या मुली त्यांच्या शब्दावर आल्या होत्या. बाईंचे म्हणणे असे की, आपण कोणास बोलाविले नाही, पण आपल्या घरी आपली प्रार्थना आपण चोरून करणार नाही. दोन्ही पक्षांस आपापली अडचण होती. आम्हांस येथे एवढेच दाखवावयाचे आहे की, ज्या पुण्याने दहा वर्षांपूर्वी बाईंस डोक्यावर घेतले त्याच पुण्यात त्या एकट्या पडल्या, आणि तरीही त्यांनी ते शहर किंवा तेथील विधवा यांविषयी मन कडू केले नाही. ज्यास आपल्या पापाची क्षमा कळली आहे तो दुसऱ्याचा बोल सोसू शकतो, याचा हा पुरावा समजावा.

1896 व 1897 साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. वर्तमान कानी येताच बाईंस आपली पंचवीस वर्षांची लेकुरवाळी आठवण नव्हे, तर उपासाने गेलेली आई डोळ्यांपुढे दिसली. त्या स्वतः तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली, दुष्टांच्या हाती सापडलेल्या तरुण विधवा त्यांनी गोळा केल्या. पैशाची तरतूद नव्हती, तरी सुमारे तीनशे जणी त्यांनी आणिल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेगाचा कहर चालू होता व इतक्या जणींस शहरात ठेवण्यास मनाई झाली. पुण्याहून पूर्वेस केडगाव येथे बाईंनी फळबागेसाठी जमीन घेतली होती. तेथे आधी तंबू व झोपड्या, मग पक्की घरे उभी राहिली. या ठिकाणास त्यांनी नाव दिले मुक्ती. 1900 सालच्या दुष्काळात गुजराथेतूनही मुली आल्या व वस्ती सुमारे दीड हजारांची झाली.

ही मुक्ती फुकट मिळाली, पण स्वस्त पडली नाही. आलेल्या मुली रोगट, भुकेने हावरट, मारास भ्यालेल्या, कित्येक शिव्या देणाऱ्या व चोरी करणाऱ्या होत्या. त्यांस नहाणे, धुणे, खाऊ घालणे, जखमा बांधणे, शिकविणे, हे सर्व कोणाच्या तरी अंगावर पडणारच. ते बाईंनी व त्यांच्या पहिल्या विद्यार्थिनींनी अंगावर घेतले. पूर्वी ज्यांस कोणी सोडविले त्याच आता दुसऱ्यांस सोडवू लागल्या. मुली शेत करीत, माग चालवीत, दळण, विणकाम, छपाई शिकत. आंधळ्यांसाठी निराळे सदन झाले व त्यांस बोटांनी वाचावयास शिकविण्यात आले. वाईट मार्गास गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उघडले. फुलहॅम येथे जे पाहून एका ब्राह्मण पंडितेच्या डोळ्यांत पाणी आले होते, तेच भीमाथडीच्या माळावर मराठी बोलीत उभे राहिले.

1905 सालच्या जून महिन्यात मुक्तीत एक मोठे धार्मिक जागरण झाले. कित्येक महिने मुली नेमाने प्रार्थना करीत होत्या. मग शेकडो मुली आपापल्या पापाविषयी रडू लागल्या, उघड कबुली देऊ लागल्या, व क्षमेचा आनंद पावू लागल्या. या जागरणाची वार्ता देशोदेशी गेली. त्यात जे दिसले त्या सर्वांविषयी ख्रिस्ती लोकांत एकमत नव्हते व आजही नाही. पण पापाची जाणीव व क्षमेचा आनंद ही जोडी तेथे होती, हे कोणास नाकारता येणार नाही. पाप कळल्याखेरीज क्षमा गोड लागत नाही, आणि क्षमा ठाऊक असल्याखेरीज पाप कबूल करण्याचे धैर्य होत नाही.

उतारवयात बाईंनी आणखी एक भार उचलिला. साध्या खेडवळ बायकांस समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र असावे, म्हणून त्या इब्री व ग्रीक भाषा शिकल्या व मूळ ग्रंथांवरून भाषांतर करू लागल्या. ज्या बाईस संस्कृतचा डौल सहज साधता आला असता तिने तो मुद्दाम बाजूस ठेविला. मुक्तीच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवीत. कान मंद झाले, शरीर थकले, तरी पहाटेपासून काम चाले. 1919 साली सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. त्याने त्यांच्या पांढऱ्या लुगड्यात किंवा साध्या शाकाहारी जेवणात काही फरक पडला नाही. 24 जुलै 1921 रोजी त्यांचा उजवा हात झालेली एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारली. ज्या आईने लहानपणी आईबाप, बहीण, भाऊ, व तरुणपणी पती पोचविला, तिने म्हातारपणी लेक पोचविली. तरी भाषांतराचे काम थांबले नाही. ते हातावेगळे झाल्यावर, 5 एप्रिल 1922 रोजी, झोपेतच त्यांनी देह ठेविला. संपूर्ण शास्त्र 1924 साली छापून निघाले. भारत सरकारने 1989 साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढिले, व केडगावची मुक्ती आजही निराधार स्त्रियांचे व मुलांचे घर आहे.

आता आम्हांस आपल्या मंडळ्यांपुढे एक गोष्ट ठेवावयाची आहे. रमाबाईंची आठ वर्षे आपल्यापैकी कित्येकांची चाळीस वर्षे आहेत. आपण आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती आहो. मंडळीच्या वहीत आपले नाव आहे. सुगीला धान्याचे अर्पण आपण आणितो. नाताळास नवे कपडे घालून उपासनेस बसतो. हे सर्व चांगले आहे, ते कोणी सोडू नये. पण एकांतात स्वतःस विचारावे की, हे अर्पण आपण आभार म्हणून आणितो की हप्ता म्हणून? हप्ता म्हणून आणीत असू तर आपल्या मनातून जुना नवस अजून गेलेला नाही, फक्त देऊळ बदलले आहे. ज्याने वधस्तंभावर सारे चुकते केले त्यास आपण पायलीभर जोंधळ्याने काय फेडणार?

आणि जो म्हणेल, मला क्षमा मिळाली, माझे झाले, त्यानेही केडगावाकडे पाहावे. ज्याचे नुकसान देवाने सोसले त्याने शेजाऱ्याचे थोडे नुकसान सोसावे, हे उघड आहे. बांधावरून भावाभावांत अबोला असेल, पंचांपुढे वर्षानुवर्षे वाद चालला असेल, गावात टाकून दिलेली एखादी बाई असेल जिच्या दारी मंडळीतील कोणी जात नाही, तर मुक्तीचा अर्थ आपणांस कळला की नाही याची परीक्षा तेथेच आहे. रमाबाईंनी ही परीक्षा दिली. देव करो आणि येत्या प्रभुभोजनाच्या आधी आपणही त्या दारापर्यंत जावो.